थंडी आणि आनंदीबाईंचें लुगडें

अमरावती-अकोल्याकडील आम्हां लोकांस ऊन कसें सोसावें हें कोणी शिकवावें लागत नाहीं. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला तरी जाड मातीच्या भिंती, धाब्याचें छप्पर आणि डोक्यावरचा पदर वा रुमाल यांच्या आश्रयानें आम्ही निभावून नेतों. थंडी म्हणजे आमच्या लेखीं शेकोटी आणि हुरडा! अशा मुलखांतून पापळचे पंजाबराव देशमुख पहिल्या महायुद्धानंतर विलायतेस गेले व एडिंबरोसारख्या थंड शहरीं शिकले. त्यांच्या पदव्या आम्हांस पाठ आहेत. परंतु परदेशीं गेलेल्या माणसाची पहिली परीक्षा विश्वविद्यालय घेत नाहीं, तेथील हवा घेते, हें आम्ही विसरतों.

ह्या परीक्षेचा सर्वांत बोलका दाखला कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचा होय. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून त्या पतीवांचून जहाजावर चढल्या; वय अवघें १८ वर्षांचें. निघण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या सभेंत, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें त्यांनीं जाहीर केलें होतें. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत त्या दाखल झाल्या आणि लवकरच हिवाळा आला. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणास तें सोयीचें, बर्फाच्या मुलखांत तें घातक. मडमांचा झगा घालावा, तर सभेंत दिलेल्या शब्दाचें काय? अखेर त्या गुजराथी पद्धतीनें घोट्यांपर्यंत साडी नेसूं लागल्या. अंग झांकलें, वचनही राहिलें.

कोणास ही निव्वळ तडजोड वाटेल; आम्हांस तसें वाटत नाहीं. परमुलखाच्या हवेपुढें काय सोडावें व काय राखावें, हा निवाडा त्या कोवळ्या वयांत करावा लागला, आणि तो विवेकानें केला गेला.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांना एम्. डी. पदवी मिळाली, पण क्षयानें त्यांना गांठलें आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. थंडीनेंच त्यांचा बळी घेतला, असें म्हणणें सोपें आहे. परंतु क्षय जंतूंपासून होतो, हें कॉख यानें १८८२ सालींच दाखविलें होतें. थंडी आणि अतिश्रम यांनीं देह खचतो, व खचलेल्या देहास रोग लवकर जिंकतो, एवढेंच खरें.

आज वऱ्हाडांतील पुष्कळ घरांतून मुलेंमुली अमेरिका-कॅनडास जातात. आई त्यांच्या पेटींत लोकरीचे कपडे आठवणीनें भरते. त्यांबरोबर ही हकीकतही बांधून द्यावी, असें आम्हांस वाटतें.