सभेआधीची सभा

नगराचा कारभार सभागृहात चालतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रेक्षकांच्या सज्जात बसून सभासदांची भाषणे ऐकणाऱ्या नागरिकाला असे वाटते, की शहराचे भवितव्य आपल्या डोळ्यांदेखत, हात वर होण्याच्या त्या एका क्षणी ठरत आहे. वस्तुस्थिती निराळी असते. सभेत जे घडते त्याचा बराचसा भाग सभेपूर्वीच घडून गेलेला असतो. कोणता विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा, कोणता मागे राहावा, कोणत्या खर्चाच्या आकड्याला कोणते कागद जोडावेत आणि ते सभासदांच्या हाती किती दिवस आधी पडावेत, या गोष्टी वरवर पाहता कारकुनी वाटतात; परंतु नगराची खरी सत्ता त्यांच्यातच साठवलेली असते. आगामी कामकाजाची आखणी कोणी करावी, हा प्रश्न म्हणूनच साधा नाही. तो सोडविण्यासाठी मुंबई शहराला मोठी किंमत द्यावी लागली, आणि तिने काढलेले उत्तर पुढे अनेक शहरांनी उचलले.

ही कथा 1865 सालापासून सुरू होते. त्यापूर्वी काही वर्षे मुंबईचा कारभार तीन कमिशनरांच्या मंडळाकडे होता. तिघांचे एकमत होईना आणि जबाबदारी कोणा एकावर येईना. तेव्हा 1865 च्या कायद्याने निराळा मार्ग काढला. शहरातील सर्व ‘जस्टिस ऑफ दि पीस’ यांचे एक मंडळ बनविण्यात आले. त्याला ‘बेंच’ म्हणत. कारभाराची सारी सूत्रे मात्र एकाच म्युनिसिपल कमिशनराच्या हाती देण्यात आली. या जागेवर आर्थर क्रॉफर्ड हा तरुण, तडफदार आणि हात सैल असलेला अधिकारी आला.

काळही विलक्षण होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा भाव भडकला होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. क्रॉफर्डने रस्ते रुंद केले, गटारे काढली, कचरा उचलण्याची व्यवस्था लावली, मंडया बांधल्या. आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव असलेली, पण लोकांच्या तोंडी अद्याप क्रॉफर्ड मार्केटच असलेली मंडई त्याच काळातील. शहर स्वच्छ झाले, हे त्याचे विरोधकही नाकारीत नसत. पण 1865 मध्येच युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, सट्ट्यावर उभ्या राहिलेल्या पेढ्या बुडाल्या आणि शहर दरिद्री झाले. क्रॉफर्डचा हात मात्र आखडला नाही. मंजुरीपेक्षा खर्च वाढत गेला, कर्ज साचत गेले आणि घरपट्टी भरणारे नागरिक हैराण झाले.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. बेंच काय करीत होते? बेंचवर शहरातील धनिक, विद्वान आणि प्रतिष्ठित माणसे होती. त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकारही होता. परंतु पुढच्या आठवड्यात कमिशनर काय करणार आहे, कोणता ठेका देणार आहे, कोणत्या कामाला हात घालणार आहे, हे त्यांना आगाऊ कळण्याची सोयच नव्हती. विषय त्यांच्यापुढे येई तेव्हा खडी पडलेली असे, भिंत चढलेली असे आणि कंत्राटदार बिल घेऊन दाराशी उभा असे. बैल गेला आणि झोपा केला, अशा थाटाची ती देखरेख होती. शिवाय मंडळ एवढे मोठे आणि विस्कळीत, की कोणत्याही एका सभासदाला ‘हे माझे काम’ असे वाटू नये. जेथे सर्वांनी पाहायचे तेथे कोणीच पाहत नाही, या न्यायाने शहराची तिजोरी रिकामी झाली.

1871 मध्ये करदात्यांचा असंतोष शिगेला पोहोचला. सभा झाल्या, वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. बहुतेकांचा रोख क्रॉफर्डवर होता. तो गेला की सर्व ठीक होईल, असा एकूण सूर होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये 26 वर्षांच्या एका बॅरिस्टराने निबंध वाचला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. त्याने या सुराविरुद्ध जाण्याचे धैर्य दाखविले. दोष एकट्या माणसाचा नाही, तर घडणीचा आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. काम करणारा अधिकारी एकच असावा, त्याच्या हाती अधिकार असावेत आणि जबाबदारीही त्याच्यावरच असावी, हे त्याला मान्य होते. मात्र त्या अधिकाऱ्यावर लक्ष ठेवणारे मंडळ लोकांनी निवडलेले असावे आणि त्यातून एक लहान, जागरूक समिती सतत कामावर असावी, असे त्याने सांगितले. श्रोत्यांना हे विवेचन रुचले नाही. त्यांनी नापसंती उघडपणे दर्शविली. क्रॉफर्ड त्याच वर्षी पदावरून गेला. पण पुढच्या कायद्याला दिशा मिळाली ती त्या अप्रिय निबंधातील विचाराचीच.

1872 च्या कायद्याने 64 सभासदांचे कार्पोरेशन स्थापन केले. त्यांतील 32 सभासद करदात्यांनी, 16 जस्टिसांनी निवडावयाचे आणि 16 सरकारने नेमावयाचे होते. याखेरीज 12 जणांची एक ‘टाउन कौन्सिल’ निर्माण झाली. तिच्यातील 8 कार्पोरेशनने निवडावयाचे आणि 4 सरकारचे. पुढे लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाने देशभर नवे वारे वाहू लागले, आणि 1888 साली मुंबईला तो कायदा मिळाला, जो अनेक दुरुस्त्यांसह अजूनही तिच्या कारभाराचा पाया आहे. सभासदसंख्या 72 झाली. टाउन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. कार्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर ही तीन अधिकारपदे कायद्याने स्पष्टपणे वेगळी केली.

या कायद्यातील मोठमोठी कलमे इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिली आहेत. तथापि त्यातील खरे शहाणपण लहान कलमांत आहे. स्थायी समितीने आठवड्यातून एकदा भरलेच पाहिजे, असा दंडक घातला गेला. म्हणजे उशिरा जागे होणाऱ्या बेंचऐवजी दर आठवड्याला डोळे उघडे ठेवणारी समिती आली. ठराविक रकमेहून मोठा ठेका देण्यापूर्वी कमिशनरने या समितीची संमती घेतली पाहिजे. म्हणजे बिल दाराशी येण्यापूर्वी विचार दाराशी आला. पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज कमिशनरने प्रथम समितीपुढे मांडावा, समितीने तो तपासून अंदाजपत्रक तयार करावे, आणि त्याची छापील प्रत प्रत्येक सभासदाच्या घरी पोहोचवावी, असे ठरले. ‘घरी पोहोचवावी’ हे शब्द लहान दिसतात. पण सभेत आल्यावर कागद हाती पडणे आणि आदल्या रात्री दिव्याजवळ बसून तो वाचलेला असणे, यांत एका नगराचे दिवाळे आणि समृद्धी एवढे अंतर आहे.

कार्पोरेशनच्या सर्वसाधारण सभेविषयीचा नियमही असाच अर्थपूर्ण आहे. सभेची वेळ, जागा आणि तीत व्हावयाचे कामकाज यांची सूचना पूर्ण सात दिवस आधी निघाली पाहिजे. सूचनेत नसलेला विषय, तो खरोखर तातडीचा असल्याखेरीज, सभेत काढता येत नाही. हे बंधन सभासदांचे तोंड बंद करण्यासाठी घातलेले नाही. कोणीही कोणाला गाफील गाठू नये यासाठी ते आहे. आणि ही सूचना काढतो कोण? कार्पोरेशनचा चिटणीस. त्याची नेमणूक कमिशनरने करावयाची नाही, ती कार्पोरेशनने करावयाची. आणि तो स्थायी समितीच्या हाताखाली. ज्या हातात लेखणी आहे तो हात कोणाचे मीठ खातो, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता.

आखीव कार्यक्रमात अनपेक्षिताला जागा असावी लागते. सप्टेंबर 1896 मध्ये याची परीक्षा झाली. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगश हे त्या वेळी मुंबई कार्पोरेशनचे सभासद होते. मांडवी भागातील एका रोग्याला तपासताना त्यांना ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, खूण पटली. ही गोष्ट त्यांनी महापालिकेपुढे आणली. बंदराच्या शहरात प्लेगचे नाव घेणे म्हणजे व्यापारावर निखारा ठेवणे होते. अनेकांना ते निदान पटवून घेणे जड गेले. पुढे स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी झाली तेव्हा ते खरे ठरले. वैद्यक जाणणारा एक माणूस सभासद होता आणि त्याला बोलण्याची वाट मोकळी होती, म्हणून संकटाचे नाव तरी वेळेवर घेतले गेले. पुढच्याच वर्षी, 1897 च्या मार्चमध्ये, सरकारने जनरल गेटॅकर यांच्या नेतृत्वाखाली प्लेग कमिटी नेमली आणि या कामाची सूत्रे महापालिकेच्या हातून काढून घेतली. घाईच्या प्रसंगी सत्ताधाऱ्याला सल्लामसलत अडचणीची वाटते, हा अनुभव मुंबईला तेव्हाच आला. डॉ. व्हिएगश पुढे 1906 मध्ये कार्पोरेशनचे अध्यक्ष झाले.

कामकाजाची पूर्वतयारी ही दुधारी वस्तू आहे, हे 1907 च्या निवडणुकीने दाखविले. फिरोजशहा मेहता तोवर कार्पोरेशनचे अनभिषिक्त राजे मानले जात. कोणताही महत्त्वाचा विषय सभेत येण्यापूर्वी ते त्याचा तळ गाठीत. नियमांवर त्यांचे प्रभुत्व असे, आणि सभासद त्यांच्याकडे पाहून मत देत. त्यांच्या या वर्चस्वाचा काहींना जाच वाटे, आणि ती तक्रार अगदीच निराधार होती असेही नाही. तेव्हा अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने सरकारी अधिकारी आणि काही युरोपियन गृहस्थ यांनी एक गट बांधला. त्याला ‘कॉकस’ असे नाव पडले. जस्टिसांनी निवडावयाच्या 16 जागांसाठी त्यांनी 16 नावांची यादी तयार केली आणि मते तिच्यामागे उभी केली. फिरोजशहा 17 वे आले. पुढे निवडून आलेल्या एका गृहस्थाचा कार्पोरेशनच्या ठेक्याशी संबंध असल्यामुळे त्याची निवड रद्द ठरली आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली. कटाचा डाव उलटला. कॉकसची मात्र शहरभर नाचक्की झाली.

या प्रसंगाचा बोध नीट पाहिला पाहिजे. आधी भेटून विचार करणे हा दोष नव्हे. 12 जणांची समिती दर आठवड्याला तेच करीत होती. पण समितीचे काम नियमाने बांधलेले होते, तिचे इतिवृत्त लिहिले जाई, तिचे निर्णय मोठ्या सभेपुढे येत आणि तेथे त्यांना आव्हान देता येई. कॉकसची तयारी दाराआडची होती. तयारी करून येणे वेगळे आणि ठरवून येणे वेगळे. पहिल्याने सभा समर्थ होते. दुसऱ्याने ती केवळ देखावा उरते.

मुंबईची ही घडण पुढे दूरवर गेली. 1949 च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्याने स्थायी समितीची पद्धत त्या वेळच्या मुंबई प्रांतातील इतर मोठ्या शहरांसाठी स्वीकारली. पुणे, अहमदाबाद आणि वडोदरा या शहरांचा कारभार तिच्यावर उभा राहिला. इंदूर-ग्वाल्हेरकडे मध्य प्रदेशाने पुढे महापौर-परिषदेची निराळी घडण पत्करली. तेथे पूर्वतयारीचे काम महापौर आणि त्याचे निवडक सहकारी करतात. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने नगरांच्या स्वराज्याला संविधानाचे संरक्षण दिले. घडण कोणतीही असो, प्रश्न तोच राहतो: उद्याचे काम आज कोण लिहितो आणि ते वाचायला कोणाला मिळते?

हा प्रश्न जुना झालेला नाही. मार्च 2022 मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक वेळेवर झाली नाही. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ सभा आणि स्थायी समिती या दोहोंचे अधिकार प्रशासकाकडे राहिले. रस्ते झाले, अंदाजपत्रकेही मांडली गेली. कामे थांबली नाहीत. क्रॉफर्डच्या काळीही ती थांबली नव्हती. थांबली ती दर आठवड्याची विचारपूस. प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच झाला, आणि ‘हा खर्च कशासाठी?’ असे समितीच्या मेजाभोवती विचारणारा निवडलेला माणूस उरला नाही.

मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशहांचा पुतळा उभा आहे, आणि तेथून फार दूर नाही अशा धोबीतलाव भागात डॉ. व्हिएगश यांचा. दोघांचीही भाषणे आज फारशी कोणी वाचत नाही. पण सात दिवस आधी निघणारा एक कागद, त्यावरील क्रमांक घातलेले विषय आणि खाली चिटणीसाची सही, या व्यवस्थेत त्या पिढीचे काम शिल्लक आहे. तो कागद मागून घेणारा आणि वाचणारा नागरिक ज्या शहरात आहे, त्या शहराची तिजोरी सहसा कोणाला गुपचूप उघडता येत नाही.