एमजीबीचं इंजिन तेल का गाळतं? बिघाडाला तारीख विचारताना

जुनी एमजीबी स्पोर्ट्स कार तेल गाळते म्हटलं की ठरलेलं उत्तर मिळतं: 'ब्रिटिश गाड्या गळायच्याच!' संशोधनात अशी तयार उत्तरं जागोजागी भेटतात. ती खोटी नसतात, पण कुठल्या काळाबद्दल खरी आहेत हे सांगत नाहीत. म्हणून हे उदाहरण जरा उलगडून पाहू.

आधी यंत्र समजून घेऊ. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि फट सापडेल तिथून तेल बाहेर येतं. मग सील कितीही नवं टाका, गळती चालूच.

ही वाट मात्र कायम एकच नव्हती. 1962 साली गाडी आली तेव्हा 1798 सीसीच्या इंजिनाच्या बाजूच्या झाकणापासून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली होती. वायू सरळ हवेत. 1964 मध्ये स्मिथ्सचा व्हॉल्व्ह आला आणि तोच वायू इनलेट मॅनिफोल्डमधून परत इंजिनात जळू लागला. दशक संपता संपता व्हॉल्व्ह गेला, नळी थेट एसयू कार्बोरेटरांना जोडली गेली.

हे बदल कोणत्या काळात झाले? 1950 च्या दशकात कॅलटेकचे आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध गाड्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनशी जोडून दाखवला. क्रँककेसचा वायू बंदिस्त करणं हे तिथल्या उपायांपैकी अगदी सुरुवातीचं पाऊल. आणि एमजीबीची मोठी बाजारपेठ अमेरिकाच होती.

आता बिघाडाकडे येऊ. पाना हातात घेण्याआधी इंजिनाचा क्रमांक वाचायचा. सुरुवातीला '18जी' असेल तर उघडी नळी, '18जीए' असेल तर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हवाल्या इंजिनात साधी तपासणी आहे: इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं टोपण काढा. वेग कानाला कळेल इतका वाढला तर व्हॉल्व्ह ठीक. नाही वाढला तर आतला रबरी डायफ्रॅम फाटलाय का, व्हॉल्व्ह चिकटलाय का, ते बघा. बाजूच्या झाकणावरच्या डब्यातली जाळीही गाळाने तुंबते. सगळी वाट मोकळी आहे, तरी दाब आहे? मग बहुतेक रिंगा गेल्या.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे ते टोपण. व्हॉल्व्हच्या काळातल्या टोपणातून गाळलेली हवा आत जाते. 1970 च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या गाड्यांत हवा कोळशाच्या डब्यातून येते, म्हणून टोपण पूर्ण बंद. एकाचं दुसऱ्याला लावलं तर ते बसतं, पण हवेचा हिशोब बिघडतो. इतिहासात यालाच आपण कालविपर्यास म्हणतो.

आणि ते ठरलेलं उत्तर? सुरुवातीच्या तीन बेअरिंगांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच, तेल मागे ढकलणारी मळसूत्री खाच होती. तिथून थेंब पडणं रचनेतच होतं. 1964 च्या अखेरीस पाच बेअरिंगांचं इंजिन आलं, सोबत सीलही आलं. त्यानंतरच्या गाडीबद्दल कुणी 'गळायच्याच' म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारायचा: कुठून?