सल्ल्याची वर्गणी

परवा भाचा आला होता. हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करतो. चहा होईपर्यंत मोबाईल पुढे केला. "मामा, वर्षाला बारा हजार भरले की कुठले शेअर घ्यायचे ते हे लोक सांगतात. भरू का?" पैसे किती गुंतवणार, विचारलं. दोन लाख. बहिणीच्या सासरची शेती एमआयडीसीने घेतली, त्या मोबदल्यातली ही शेवटची उरलेली रक्कम. बाकीची कशी गेली ते घरात सर्वांना ठाऊक आहे. असो.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, शेअरबाजारातलं मला काय कळणार? पण इतिहासात एक गृहस्थ नेमके याच प्रश्नापाशी अडले होते.

त्यांचं नाव आल्फ्रेड कोल्स. अमेरिकेतले, वर्तमानपत्रवाल्या श्रीमंत घराण्यातले. १९२८ च्या सुमारास ते सल्ला देणाऱ्या अनेक पत्रकांची वर्गणी भरत होते. त्यांना वाटलं, इतक्या जणांना पैसे देण्यापेक्षा सर्वांत चांगला एक निवडावा. म्हणजे मूळ हेतू काटकसरीचा! त्यासाठी ते प्रत्येकाच्या सल्ल्याची नोंद ठेवू लागले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, तरी नोंदी चालूच राहिल्या. १९३३ साली निष्कर्ष छापून आला: १६ संस्थांच्या सुमारे साडेसात हजार शिफारशी, साडेचार वर्षं, आणि फळ सर्वसाधारण शेअरपेक्षा वर्षाला १.४३ टक्के कमी. मग त्यांनी पत्त्यांसारखी कार्डं पिसून, चिठ्ठ्या काढाव्यात तसे, खोटे अंदाज बनवून पाहिले. सर्वांत यशस्वी सल्लागाराचं यशही नशिबाने मिळावं इतपतच निघालं. मला यातली गंमत अशी वाटते की चांगला सल्लागार शोधायला निघालेला माणूस हे सिद्ध करून बसला.

आपल्याकडची गोष्ट अजून जवळची आहे. हर्षद मेहताच्या कंपनीच्या नावातच 'रिसर्च' हा शब्द होता, ग्रोमोअर रिसर्च. एप्रिल १९९२ मध्ये घोटाळा उघडकीला आला. आमच्या स्टाफरूममध्ये त्या वर्षी मधल्या सुट्टीत एसीसीच्या भावाची चर्चा चालायची, एकाने तर भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली होती. त्यांचं पुढे काय झालं ते लिहीत नाही. पण कमाल पुढेच आहे. १९९७-९८ च्या सुमारास तोच मेहता वर्तमानपत्रात स्तंभ लिहून आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून टिप्स देत होता, आणि लोक वाचत होते! सांगणारा कोण आहे हे माहीत असूनही. कुणीतरी ठामपणे सांगणारा हवा असतो माणसाला.

आता निदान कायदा आहे. २०१४ पासून असा सल्ला विकणाऱ्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते, नफ्याची हमी देता येत नाही आणि आता एका कुटुंबाकडून वर्षाला १,५१,००० रुपयांपेक्षा जास्त फीही घेता येत नाही. नोंदणी क्रमांक जरूर पाहावा. पण तो असला म्हणजे सल्ला बरोबर ठरतो असं नाही. मास्तरकडे बी.एड.ची पदवी असते, म्हणून काय सगळी पोरं पास होतात?

मग मी भाच्याला कागद दिला. दोन लाखांवर बारा हजार म्हणजे सहा टक्के. निफ्टीच्या इंडेक्स फंडात गप्प बसून जे मिळेल, त्यावर दरवर्षी साधारण सहा टक्के जादा कमावले तर कुठे वर्गणी वसूल. हीच फी वीस लाखांवर ०.६ टक्का पडते. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्याला हा सल्ला सर्वांत महाग. भाचा बराच वेळ कागदाकडे बघत बसला. "पण मामा, यांनी दिलेले पाच शेअर दुप्पट झालेत."

"आणि बाकीचे?"

बाकीच्यांची यादी जाहिरातीत नव्हती. गेल्या तीन वर्षांतले सगळे सल्ले, चुकलेल्यांसकट, पाठवा म्हणून त्याने तिथेच बसून ईमेल केला. आठवडा झाला. उत्तर अजून आलेलं नाही. वर्गणीची मुदत संपत आल्याची आठवण मात्र दोनदा आली.