रामपिथेकस

मायोसीन काळातील एका लुप्त कपीला दिलेले, आता मागे पडलेले प्रजातिनाम. एके काळी मानवाचा आद्य पूर्वज म्हणून गाजलेले हे जीवाश्म आज शिवपिथेकस या प्रजातीत धरले जातात. या प्रजातीचा काळ साधारणपणे १ कोटी २५ लाख ते ८५ लाख वर्षांपूर्वीचा.

येल विद्यापीठाचे जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ मध्ये शिवालिक टेकड्यांत, हरितल्यांगर (हिमाचल प्रदेश) येथे वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. १९३४ मध्ये त्यांनी त्याचे नाव रामपिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस, म्हणजे आखूड मुस्कटाचा ‘रामाचा कपी’, असे ठेवले. पुढे १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स व डेव्हिड पिलबीम यांनी त्याला थेट मानवकुलात बसवले.

सगळा घोळ त्या तुकड्यातच होता. जबड्याचा मधला भाग शाबूत नव्हता, त्यामुळे दोन्हीकडच्या दाढांच्या रांगा एकमेकींपासून किती फाकत होत्या हे त्यावरून ठरत नव्हते. कपींमध्ये या रांगा जवळजवळ समांतर असतात, तर माणसात त्यांची गोल कमान होते. अभ्यासकांनी गाळलेली जागा माणसाच्या कमानीने भरली. दाढांवरचे जाड दंतवल्क त्यांना पुराव्यासारखे वाटले, पण तसे दंतवल्क इतर कपींतही आढळते. पुढे अधिक पूर्ण जबडे मिळाले, तेव्हा कमान गोल नव्हे, पुढे निमुळती निघाली.

१९६७ मध्ये व्हिन्सेंट सॅरिच व अॅलन विल्सन यांनी रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाची तुलना करून मानव आणि आफ्रिकी कपी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले असे मांडले; तसे असेल तर त्याहून जुना रामपिथेकस मानवकुलातला ठरत नव्हता. हाडांच्या अभ्यासकांनी ते बराच काळ मानले नाही. अखेर पाकिस्तानातील पोटवार पठारावर शिवपिथेकसचा चेहरा मिळाला. पिलबीम यांनी १९८२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्वतःचे जुने मत सोडले. उभट, एकमेकींजवळच्या डोळ्यांच्या खोबण्या, आत दबलेला चेहरा आणि पटाशीच्या दातांत मधले मोठे, बाजूचे बारीक : ही ठेवण ओरँगउटानाची. रामपिथेकस म्हणून ओळखले गेलेले लहान जबडे त्याच प्रजातीचे, बहुधा माद्यांचे, ठरले.

शिवपिथेकसला ओरँगउटानाच्या शाखेत ठेवणेही निर्विवाद नाही. त्याच्या दंडाचे हाड फांद्यांना लोंबकळणाऱ्या प्राण्यासारखे नसून चार पायांवर चालणाऱ्यासारखे आहे. त्यामुळे चेहऱ्यातले साम्य दोन शाखांत स्वतंत्रपणे आले असावे, असे काही अभ्यासक मानतात.