परसातली हळद, कडुनिंबावरची गुळवेल आणि नोंदींचा प्रश्न

वसमतला मावशीच्या घरामागे चार बाय दहा फुटांची एक पट्टी आहे आणि तिच्या कडेला जुना कडुनिंब. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, तू एवढं झाडाझुडपांचं शिकतोस, मग सांग, इथं हळद लावू की गुळवेल?" मी म्हटलं, दोन्ही लाव. हळदीला पट्टी लागते आणि गुळवेलीला झाड लागतं, भांडण कुठंय?

पण प्रश्न डोक्यात राहिला. तेव्हा मी प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी याच दोन वनस्पतींचे जुने संदर्भ गोळा करत होतो. हळदीची फाईल फुगत चालली होती आणि गुळवेलीची मात्र चार पानांवर अडली होती. सुरुवातीला वाटलं, आपलंच शोधणं कमी पडतंय. नंतर लक्षात आलं की याचं कारण बरंचसं या झाडांच्या जगण्याच्या पद्धतीतच आहे. संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हा मित्रांसाठी हे लिहितोय, कारण दोन गोष्टींची तुलना करायला बसलात तर ही अडचण तुम्हालाही येणार.

आधी झाडं बघू. पुस्तकात हळद बहुवर्षायू, म्हणजे जमिनीतला कंद जिवंत राहतो आणि दर पावसाळ्यात नवी पानं काढतो. पण आपल्याकडे तिला तसं कुणी जगू देतं का? अक्षय तृतीयेपासून जूनपर्यंत लागवड, मध्ये भरणी, आठ-नऊ महिन्यांनी पानं वाळली की काढणी. मग शिजवा, वाळवा, पॉलिश करा. ओल्या हळदीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी वाळलेली हळद हाती येते. जेठे गड्डे बेण्यासाठी बाजूला ठेवायचे आणि पुन्हा लावायचे. हे बेणं राखणं फार महत्त्वाचं, कारण हळद त्रिगुणित आहे. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात (21 चे तीन, म्हणजे 63), त्यामुळे ती बी जवळजवळ धरतच नाही. रानात रानहळदीसारखे तिचे नातेवाईक सापडतात, पण शेतातली हळद माणसाच्या हातातूनच पुढे जाते. वसमतच्या शिवारातलं प्रत्येक हळकुंड म्हणजे कुणीतरी कुणाला तरी दिलेल्या बेण्याची शेवटची कडी.

गुळवेलीला आपली गरज नाही. नर आणि मादी वेल वेगळे, मादी वेलीला लाल फळं येतात आणि पक्षी ती खातात. बोटाएवढा तुकडा पावसाच्या सुरुवातीला खोचला तरी पुरतं. वेल तोडून फांदीवर लटकत ठेवला तर तो तिथूनच दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतो. तिला अमृता का म्हटलं असेल, हे असं एकदा बघितलं की वेगळं सांगावं लागत नाही.

माणसाच्या हातातून जाणारी वस्तू खुणा सोडते. हरियाणातल्या फर्माणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हडप्पाकालीन वसाहतीचं उत्खनन झालं. तिथल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांवरच्या थरात अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांना आलं आणि हळदीचे पिष्टकण ओळखता आले. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी हळद शिजत होती याचा भौतिक पुरावा आहे. गुळवेलीच्या बाजूला असं काही ठेवायला माझ्याकडे नाही. तिचं नाव मात्र आहे. चरकसंहितेत गुडूचीचा रस मेध्य रसायनांत सांगितलाय. पण नाव म्हणजे झाड नव्हे, आणि हा फरक पुढे महागात पडला. त्याकडे येतोच.

पुढचा मोठा टप्पा किनाऱ्यावरचा. गोव्यात गार्सिया द ओर्ताने 1563 साली छापलेल्या ग्रंथात हळदीवर चर्चा आहे, ती बाजारातला माल म्हणून. त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने 'हॉर्टस मलबारिकस'चं काम काढलं. 1678 ते 1693 या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला निघाले. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोंकणी वैद्य या कामात होते. त्यांचं 1675 सालचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलंय, ते आपण आजही बऱ्यापैकी वाचू शकतो. या ग्रंथात दोन्ही वनस्पती चित्रांसकट आहेत: गुळवेल वेलींच्या सातव्या खंडात 'चित्तामृतु' या नावाशी जुळणाऱ्या नोंदीत, तर हळद अकराव्या खंडात. माझ्या मते गुळवेलीच्या इतिहासात हा सगळ्यात मोलाचा क्षण, कारण इथे नाव, चित्र आणि सांगणारा माणूस तिन्ही एकत्र सापडतात.

आणि आपला हिंगोली? इथे गंमत आहे, खरं तर गंमत नाहीच. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा 1901 ते 1908 मध्ये आला. महाराष्ट्रातला वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थी आजही तो उघडतो. पण हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे त्या पुस्तकाच्या हद्दीबाहेर. राज्याची सीमा वनस्पतीला कळत नाही, पण नोंद करणाऱ्याला ती पाळावी लागते. मराठवाड्याचा फ्लोरा डॉ. व्ही. एन. नाईक यांनी दोन खंडांत प्रसिद्ध केला तो 1998 साली. हिंगोली जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी. तेव्हा "जुन्या फ्लोरात हिंगोलीचा उल्लेख नाही, म्हणून ही वनस्पती इथे नव्हती" असं वाक्य कुणी लिहिलं तर लाल पेन घ्या.

नोंद असली की काय होतं, ते हळदीनं दाखवलं. 1995 मध्ये जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि 32 संदर्भ पुढे ठेवले. त्यात जुने ग्रंथही होते आणि 1953 मधला एक वैद्यकीय शोधनिबंधही. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. आजी काय सांगायची, यावर तो निकाल लागला नाही, छापील कागदावर लागला. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही कागदावरच.

आता गुळवेल. कोरोनात घरोघरी काढे सुरू झाले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा की रुग्णांनी खाल्लेली वनस्पती नेमकी कोणती हे नीट ओळखलेलंच नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जातही असू शकते. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधून 43 रुग्णांची माहिती आली. माझं मत विचाराल तर धोक्याची सूचना गंभीरपणे घ्यायला हवी, विशेषतः ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे त्यांनी. पण आक्षेपाचा मुद्दाही खोटा नव्हता. "शेजारच्या कुंपणावरची गुळवेल" एवढीच नोंद असेल, तर वाद मिटवायचा कशावर?

हे मी मोठेपणानं सांगत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या सात सॅम्पलपैकी तीन फेकावी लागली. पिशवीवर गाव आणि तारीख होती, पण दाबून वाळवलेला, फुलासकटचा नमुना हर्बेरियममध्ये जमा केला नव्हता. गाईडनी एवढंच विचारलं, "ही गुळवेलच कशावरून?" मी म्हटलं, गावातल्या आजोबांनी सांगितलं. आजोबा बहुतेक बरोबरच असतील. पण दहा वर्षांनी तपासणाऱ्याला आजोबा भेटणार नाहीत.

मावशीनं पट्टीत हळद लावली, शेजारणीकडून सेलमचं बेणं आणून. गुळवेलीचा तुकडा मी कडुनिंबाच्या बुडाशी खोचला आणि तो धरला. काढा रोज घेऊ नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच, हे सांगितलंय. उन्हाळ्यात पानं गळाली की जुन्या वेली फुलतात, तेव्हा गावातल्या दोन-तीन वेलींचे नर-मादी नमुने दाबायचे आहेत. तोपर्यंत जुने पेपर रद्दीत देऊ नको म्हणून मावशीला बजावून आलोय.