लग्न म्हणा, युनियन म्हणा

ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने मला विचारले, "सर, 'सिव्हिल युनियन'ला मराठीत काय म्हणायचं?" मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात. लग्न, विवाह, शादी, निकाह, अक्द असे शब्द भरपूर आहेत. पण लग्नासारखेच आणि तरीही लग्न नव्हे, अशा नात्याला दोन्ही भाषांत नाव सापडेना. आणि नाव सापडेना म्हणून मला बराक ओबामा आठवले.

१९९६ साली ओबामा इलिनॉय राज्याच्या सिनेटसाठी पहिल्यांदा उभे होते. शिकागोतल्या 'आउटलाइन्स' या समलिंगी समाजाच्या वर्तमानपत्राने उमेदवारांना प्रश्नावली पाठवली. ओबामांचे उत्तर टाइप केलेले होते आणि खाली त्यांची सही होती. समलिंगी विवाह कायदेशीर करण्याच्या बाजूने मी आहे, त्यावर बंदी आणू पाहणाऱ्यांशी मी लढेन, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षी बिल क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याने केंद्र सरकारच्या लेखी विवाह म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचा, असे ठरवून टाकले. म्हणजे हा तरुण उमेदवार स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षापेक्षाही पुढे होता.

दोन वर्षांनी त्याच वर्तमानपत्राला त्यांनी उत्तर दिले: अजून ठरलेले नाही. २००४ मध्ये अमेरिकन सिनेटची निवडणूक आली तेव्हा विवाहाला नकार आणि सिव्हिल युनियनला होकार, अशी भूमिका पक्की झाली होती. युक्तिवाद डावपेचाचा होता. युनियन मंजूर होऊ शकते, भेदभावविरोधी कायदा होऊ शकतो. 'विवाह' या शब्दावर अडून बसलो तर हातचेही जाईल.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. व्हरमाँट राज्याने २००० साली पहिल्यांदा सिव्हिल युनियन दिली, तेव्हा तेवढ्यावरूनही तिथे मोठा गदारोळ झाला. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये तर अकरा राज्यांच्या मतदारांनी एकाच दिवशी समलिंगी विवाहावर बंदी घातली.

पण शब्दाला किंमत असते. न्यू जर्सीत २००७ पासून सिव्हिल युनियन होती आणि राज्यापुरते हक्क कागदावर विवाहाइतकेच होते. पुढच्याच वर्षी राज्याच्या आयोगाने अहवाल दिला की व्यवस्था चालत नाही. इस्पितळात जोडीदाराजवळ जायचे तर आधी आपले नाते काय, हे समजावून सांगावे लागे. कंपन्या विमा नाकारत. नवरा किंवा बायको म्हटले की कुणी कागद मागत नाही, युनियन म्हटले की मागतात. आणि केंद्राच्या कायद्यात नवरा-बायकोला लागू होणाऱ्या १,१३८ तरतुदींपैकी एकही या जोडप्यांना मिळत नव्हती.

मला सर्वात जास्त खटकते ते २००७ मधले एक उत्तर. समलिंगी मतदारांच्या प्रश्नांसाठी भरलेल्या कार्यक्रमात ओबामा म्हणाले की १९६१ साली मी नागरी हक्क चळवळीचा सल्लागार असतो, तर आंतरवंशीय विवाहबंदीच्या आधी मतदानहक्काचा कायदा घ्या, असेच सांगितले असते. १९६१ म्हणजे ज्या वर्षी त्यांचे केनियन वडील आणि गोऱ्या आई यांचे हवाईत लग्न झाले, ते वर्ष. तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत ते लग्न गुन्हा ठरले असते, आणि तो गुन्हा पुसला गेला १९६७ मध्ये. आईबापांच्या लग्नालाही त्यांनी थांबायला सांगितले! "आधी मोठे प्रश्न, मग तुमचे," हे आपण मुसलमानांनीही प्रत्येक निवडणुकीत ऐकलेले आहे, म्हणून कदाचित मला ते जास्त टोचले असेल.

ऑगस्ट २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या चर्चमध्ये पास्टर रिक वॉरन यांच्यासमोर डावपेचाची भाषा गेली आणि श्रद्धेची आली. विवाह स्त्री-पुरुषाचा, आणि ख्रिस्ती म्हणून माझ्यासाठी तो पवित्र बंधन आहे, असे ते म्हणाले. त्याच राज्यात नोव्हेंबरमध्ये समलिंगी विवाह बंद करणारा 'प्रपोझिशन ८' सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला. ओबामांचा त्या प्रस्तावाला विरोध होता, हे नोंदवले पाहिजे. पण त्याच दिवशी, त्याच मतपेट्यांतून ते स्वतः तिथे दणदणीत मतांनी जिंकले.

इथे माझी अडचण सांगतो. निकाह म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, आणि त्याची व्याख्या बदला असे मी काझीसाहेबांना सांगणार नाही. पण आपल्याकडे निकाह हा मुआहिदा आहे: इजाब, कबूल, साक्षीदार, मेहर. श्रद्धा आणि करार वेगळे ओळखायला आपण लहानपणापासून शिकतो. ओबामांनीही ते वेगळे ठेवले असते तर मला मान्य होते. त्यांनी श्रद्धेचा शब्द पुढे केला आणि हिशेब मताचा केला, असा माझा ग्रह आहे.

९ मे २०१२ रोजी, उपाध्यक्ष बायडन तीनच दिवस आधी टीव्हीवर बोलून बसल्यानंतर, ओबामांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा जाहीर केला. आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनाने बंदी घातली होती, तेव्हा धोका होताच. ते पुन्हा निवडून आले. २०१५ मध्ये त्यांचे सल्लागार डेव्हिड ॲक्सलरॉड यांनी आत्मचरित्रात लिहिले की कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला विरोध पाहून ओबामांनी खरे मत झाकले होते. ओबामांनी ते नाकारले. तेव्हा युनियन पुरेशी आहे असे आपल्याला खरेच वाटत होते, असे त्यांचे म्हणणे. मग १९९६ च्या कागदावरची सही? त्याच वर्षी जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा विवाह देशभर मान्य केला.

आपल्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क पाचही न्यायमूर्तींनी नाकारला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल युनियन मान्य करायला तयार होते, उरलेल्या तिघांनी तीही नाकारली. सहकाऱ्याला मी अखेर सांगितले, 'सिव्हिल युनियन' असेच देवनागरीत लिहा. तो म्हणाला, "मग सोप्पं आहे, लग्नच लिहितो."