गांजाची खूण आणि पुराव्याची मर्यादा

इ. स. २०२३ च्या अखेरीस ठाण्याच्या पोलिसांनीं घोडबंदर रस्त्याच्या बाजूस खाडीकांठीं चाललेल्या एका मेजवानीवर छापा घातला आणि नव्वदांहून अधिक जणांस वैद्यकीय तपासणीसाठीं नेलें. अशी बातमी आली म्हणजे ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न दबक्या आवाजांत विचारला जातो: गांजा शरीरांत किती दिवस सांपडतो? या प्रश्नाचें उत्तर रसायनशास्त्र देतें. परंतु त्या उत्तरावरून माणसाविषयीं काय ठरवावें, हें इतिहासास विचारलेलें बरें. कारण गांजाच्या बाबतींत खुणेवरून निवाडा करण्याची घाई या देशांत पूर्वीं एकदां झालेली आहे.

१८९३ च्या मार्च महिन्यांत गांजाचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटांत निघाला. गांजामुळें हिंदुस्थानांतील वेड्यांचीं इस्पितळें भरत आहेत, असा तिकडील कित्येकांचा समज होता. त्यावर सरकारनें सात सभासदांचें कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सभासदांत तीन एतद्देशीय गृहस्थ होते, तसेच कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील रसायनशास्त्राचे अध्यापक वॉर्डन हेहि होते. ११९३ साक्षीदारांचें म्हणणें ऐकून कमिशननें १८९४ त आपला अहवाल दिला.

त्या अहवालांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो इस्पितळांविषयींचा भाग. १८९२ सालीं १३४४ वेडे दाखल झाले. त्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें वेडाचें कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस यांची नोंद होती. कमिशननें एकेका इसमाची चौकशी करविली, तेव्हां त्या नोंदीस कांहीं आधार आहे अशीं ९८ प्रकरणें उरलीं. त्यांतहि ३७ ठिकाणीं दुसरें कारण शेजारीं होतेंच. मग बाकीच्या नोंदी आल्या कोठून? वेडा बहुधा पोलिसांच्या हातून येई. त्याच्याबरोबरच्या कागदावर 'कारण' असा रकाना असे. आणि तो रिकामा ठेवणें कोणासहि रुचत नसे. हा गांजा ओढतो एवढें कानांवर आलें कीं रकाना भरला! तोच शब्द इस्पितळाच्या बुकांत उतरे, बुकांतून वार्षिक कोष्टकांत जाई, आणि कोष्टकांत आल्यावर त्यास शास्त्राचा मान मिळे.

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें, म्हणजे या अहवालानंतरचें. 'याला ठाण्यास पाठवा' असें आपण थट्टेनें म्हणतों. एका शब्दांत माणसाचा निकाल लावण्याची तीच खोड या थट्टेंतहि आहे.

वॉर्डन यांच्यासारखा रसायनज्ञ सभासद असूनहि, माणसाच्या शरीरांतील गांजा दाखविणारी कसोटी त्या काळीं कमिशनपाशीं नव्हती. गांजांतील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल; तें शुद्ध स्वरूपांत वेगळें करून त्याची रचना इस्रायलमध्यें गावनी व मेशूलम यांनीं १९६४ त निश्चित केली. लघवीची तपासणी त्यानंतरची. गांजाचा धूर ओढल्यावर हें द्रव्य कांहीं मिनिटांत रक्तांत शिखर गाठतें आणि कांहीं तासांत पुष्कळ उतरतें. नशाहि बहुधा तेवढ्याच अवधींत ओसरते. परंतु दारूप्रमाणें तें पाण्यांत मिसळून निघून जात नाहीं. तें चरबींत मुरतें आणि तेथून सावकाश बाहेर पडतें. यकृतांत त्याचें रूपांतर होऊन जें अम्ल बनतें, तेंच लघवींत शोधलें जातें. त्या अम्लास स्वतःचा मादक गुण नाहीं.

यामुळें मुदत माणसागणिक बदलते. एखादेच वेळीं घेणाऱ्याच्या लघवींत ही खूण सुमारें तीन दिवस सांपडते. आठवड्यांतून अनेकदां घेणाऱ्याच्या लघवींत पांच ते सात दिवस. रोज घेणाऱ्याच्या लघवींत दहा-पंधरा दिवस. आणि दीर्घकाळ फार घेणाऱ्याच्या लघवींत महिना किंवा त्याहूनहि अधिक. अमेरिकेंत १९८५ त प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अशा एका व्यसनी माणसाची लघवी मर्यादेखालीं येण्यास ७७ दिवस लागले. लाळेंत ही मुदत सुमारें एका दिवसाची, तर केसांत सुमारें ९० दिवसांची धरतात. शिवाय मर्यादा कोठें आंखावी यावरहि दिवस कमीजास्त होतात: अमेरिकन सरकारी नियमांत पहिल्या चाळणीस एका मिलिलिटरांत ५० नॅनोग्राम आणि खात्रीच्या तपासणीस १५ नॅनोग्राम ही सीमा आहे.

दारूच्या बाबतींत कायद्यास आंकड्याचा आधार घेतां येतो. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यांत रक्तांतील ०.०५ टक्के ही रेषा आहे. वाहन चालविणाऱ्यास १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्राम ही आहे. रक्तांतील दारू आणि डोक्यांतील नशा बरोबरच चढतात-उतरतात, म्हणून अशी रेषा आंखतां येते. लघवींतील गांजाची खूण मात्र नशा उतरल्यावर कित्येक दिवस मागें राहते. घेतला केव्हां, किती घेतला, त्या वेळीं शुद्ध होती कीं नव्हती, यांपैकीं कांहींच ती सांगत नाहीं. गांजा, चरस कीं शिमग्याची भांग, हेंहि ती सांगूं शकत नाहीं. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें नुसत्या पानांस गांजाच्या व्याख्येबाहेर ठेविलें आहे. खूण मात्र तिन्हींची एकच.

यावरून आम्ही गांजाची वकिली करतों असें कोणीं समजूं नये. अतिरेक अपायकारक आहे हें खुद्द कमिशननेंहि लिहून ठेविलें आहे. आणि कोवळ्या वयांत रोज घेणाऱ्यास मनोविकाराचा धोका वाढतो, असें आजचें वैद्यक सांगतें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पूर्वीं जो रकाना पोलिसाच्या तर्कानें भरे तो आतां यंत्राच्या आंकड्यानें भरतो. आंकडा तर्काहून पुष्कळ प्रामाणिक खरा. पण जें त्यास विचारलें नाहीं त्याचें उत्तर तो देत नाहीं.

ज्या घरांत असा अहवाल येईल त्यांनीं प्रथम विचारावें कीं, ही नुसती चाळणी आहे कीं खात्रीची तपासणी झाली आहे? दुसरें, घरगुती काढे आणि घडाभर पाणी यांवर विसंबूं नये. लघवी पातळ झाली म्हणून चरबींत मुरलेलें द्रव्य निघून जात नाहीं. तिसरें, सेवनाच्या आरोपांत सांपडलेला व्यसनी आपण होऊन सरकारमान्य इस्पितळांत उपचार घेईल तर त्यास खटल्यापासून मोकळीक देणारें ६४-अ हें कलम त्याच १९८५ च्या कायद्यांत आहे. त्याची चौकशी वकिलापाशीं करावी. मुलगा गांजा घेतो कीं नाहीं, घेत असल्यास कां घेतो, हें मात्र कोणत्याहि प्रयोगशाळेच्या कागदावर मिळणार नाहीं. त्यासाठीं त्याला जवळ बसवून विचारावें लागेल, आणि तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें लागेल.